गटातल्या बायकांना गावातलं दारू दुकान बंद करायचंय, कुणाला अनुभव आहे का?

उसाची_लेक:
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातलं गाव आहे, नाव नको. माझ्या आईचा बचत गट २०१४ पासून चालू आहे, बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. त्यातून शेळ्या आल्या, एकीची पिठाची गिरणी झाली, दोघींच्या लेकींची फी भरली. मागच्या मीटिंगला मात्र वेगळंच झालं. एक काकू हप्ता द्यायला उठली, पदराची गाठ सोडून बघते तर पैसेच नाहीत, रात्री नवऱ्याने काढून नेलेले. रडली बिडली नाही, एवढंच म्हणाली की बायांनो आपण नेमकं कुणाचं भरतोय, गटाचं का दुकानाचं. थोडा वेळ कुणी बोलेना, मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. आता म्हणतात देशीचं दुकान बंद करायचं. उभी बाटली आडवी बाटली एवढं ऐकलंय, पण करायचं कसं? सरपंचबाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या ह्यांना विचारून सांगते.

चहाबाज_सातारकर:
ताई, दुकान लायसनवालं आहे ना? कारण ही पद्धत त्यालाच लागू होते, हातभट्टी असेल तर ती मुळातच बेकायदा, तिथे मतदान कसलं, सरळ पोलीस तक्रार. लायसनवाल्यासाठी २००८ चा शासनाचा आदेश आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना द्यायचं. ते सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन बाटल्या, उभी म्हणजे राहू दे, आडवी म्हणजे बंद. निवेदनाची पोच घ्या, शिक्का मारून, नाहीतर कागद कुठे गेला कळत नाही.

आडवी_बाटली_हरली:
मी सांगते आमचं काय झालं ते. मतदानाला आलेल्या दहातल्या नऊ जणींनी आडवीलाच मत दिलं असेल, तरी हरलो. कारण आडवीला गावातल्या *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नाही!! म्हणजे जी आलीच नाही ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला. आमच्या यादीत लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या पोरी होत्या, वारलेल्या आज्या होत्या, माझी स्वतःची सासू होती, तिचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं. दुकानदाराला काही करावंच लागलं नाही, मेलेल्या बायकांनीच त्याला तारलं. तेव्हा आधी मतदार यादी घेऊन बसा, वारलेल्यांची नावं ७ नंबरचा फॉर्म भरून कमी करून घ्या, मगच सह्या. आणि तुम्ही बीडच्या, म्हणजे दिवाळीनंतर निम्मं गाव कोयत्यावर, ऊसतोडीला. हंगामात तारीख पडली तर संपलंच, बाया कारखान्यावर आणि नावं यादीत. सगळे कोयते परत आल्यावरची तारीख मागा.

स्पष्टवक्ता_नगर:
कडू बोलतो, राग मानू नका. सक्षमीकरण सक्षमीकरण ऐकून कान किटले. आमच्याकडे गट म्हणजे कर्ज काढायचं मशीन झालंय, बाई चार ठिकाणचं कर्ज घेते, नवरा वापरतो, आठवड्याला वसुलीवाला दारात. पंचायतीत ५० टक्के आरक्षण २०११ ला आलं, खुर्चीवर बाई पण फोन उचलतो सरपंचपती. एक दुकान बंद केलं तर पिणारा शेजारच्या गावात जाईल, पेट्रोलचा खर्च वर.

चहाबाज_सातारकर:
दादा निम्मं खरंय तुमचं, वसुलीवाल्याचं तर पूर्ण खरंय. पण गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, तरी बांबू विकायचा परवाना वनखात्याकडून सुटेना, तो हातात पडायला २०११ उजाडलं. तोपर्यंत ते टिकले कशावर, तर ग्रामसभेवर आणि अभ्यास गटावर, बसून वाचायचं, चर्चा करायची, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही. कोल्हापूरच्या हेरवाडने २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तोही ग्रामसभेतच, नंतर सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणून ताई, सरपंचबाईंच्या 'ह्यां'ची वाट बघू नका. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे, तिथे विषय मांडा, आणि प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिलाय का ते स्वतः वाचा. आमच्याकडे आधी कोऱ्या पानावर सह्या घेतात आणि ठराव मागून लिहितात.

आडवी_बाटली_हरली:
+१ कोऱ्या पानाचं. आणि स्पष्टवक्ता भाऊ, शेजारच्या गावात जाईल हे मान्य, पण शाळेतून येणाऱ्या पोरींच्या वाटेत तरी झिंगून पडणार नाही. आम्ही परत करणार आहोत.

उसाची_लेक:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी यादी आणली, गटाच्या पेटीवरच पसरून बसलो. आई चौथी शिकलेली, गटाची वही तीच लिहिते, तर नावं तीच वाचत होती आणि बाकीच्या सांगत होत्या, ही वारली, ही पुण्याला, ही कोण बाई आपल्या गावची नाहीच. पहिल्या चार पानांतच २३ निघाल्या. ज्या काकूचे पैसे गेले होते ती लाल पेनने खुणा करत होती. सरपंचबाई पण आल्या होत्या, एकट्याच, काही बोलल्या नाहीत पण शेवटपर्यंत बसल्या. ७ नंबरचा फॉर्म बीएलओकडे, म्हणजे गावची मतदार यादी बघणाऱ्या माणसाकडे, मिळतो ना, का तहसीलला जावं लागतं?