स्क्रग्ज यांच्यानंतरचा बँजो

ब्लूग्रास ही अमेरिकी लोकसंगीताची एक शैली. ‘ब्लूग्रास बँजोची भाषा वादक अर्ल स्क्रग्ज यांनी घडवली आणि पुढच्यांनी ती केवळ गिरवली’ असे एक विधान केले गेले आहे; त्याचा पूर्वार्ध मान्य आहे. उत्तरार्ध मात्र बँजोवादक बिल कीथ (१९३९–२०१५) यांच्यावर अन्याय करणारा आहे. स्क्रग्ज यांच्या तीन बोटांच्या वादनात चालीचे स्वर भरीच्या स्वरांमध्ये विखुरलेले असतात, त्यामुळे फिडलवरची (व्हायोलिनवरची) वेगवान धून बँजोवर जशीच्या तशी उतरत नसे. बोस्टनच्या कीथ यांनी लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाटून दिले, आखूड पाचव्या तारेलाही चालीत सामावून घेतले आणि उजव्या हाताची लय न मोडता जवळजवळ प्रत्येक आघात चालीचाच स्वर ठरेल अशी रचना केली. १९६३ मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांनी त्यांना आपल्या वाद्यवृंदात घेतले (तिथे दुसरा ‘बिल’ नको म्हणून ते त्यांना ‘ब्रॅड’ म्हणत) आणि काही महिन्यांच्या त्या सहवासातच ही शैली सर्वदूर पोहोचली. बॉबी थॉम्प्सन यांनी असाच प्रयोग स्वतंत्रपणे आणि त्याआधीच केला होता, हेही नोंदवायला हवे.

कीथ यांची दुसरी कामगिरी तारा जुळवण्याच्या खुंट्यांची आहे. वादन चालू असतानाच तार नेमकी उतरवून पुन्हा मूळ स्वरावर आणता यावी, म्हणून कीथ यांनी डॅन बंप यांच्यासह दोन थांबे ठरवता येणाऱ्या खुंट्या तयार केल्या. त्या आजही ‘कीथ ट्यूनर’ म्हणून विकल्या जातात. शिवाय १९६८ साली निघालेल्या स्क्रग्ज यांच्या बँजोवादनाच्या पुस्तकासाठी त्यांच्या वादनाचे लिप्यंकन कीथ यांनीच केले होते.