हादग्याच्या खिरापतीतून इंग्रजी: शिकवणं की नुसता दंगा?

करवीरची_बाई
आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत यावेळी आम्हा शिक्षकांत वाद पेटला. पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवताना सण, गाणी, खेळ वापरावेत का? निम्मे म्हणाले झकास, निम्मे म्हणाले पोरखेळ. चहा आला, परिषद संपली, वाद तसाच राहिला. म्हणून इथं टाकते.

माझं म्हणणं असं. सणावर पाच ओळी पाठ करून घेणं म्हणजे सणातून शिकवणं नव्हे. ‘दिवाळी इज अ फेस्टिव्हल ऑफ लाइट्स’ हे दुसरीचं पोरगं एका दमात म्हणतं. पण ‘लाइट कुठाय, दाखव’ म्हटलं की आपल्या तोंडाकडं बघतं. त्या वाक्याशी त्याला काही देणंघेणंच नसतं.

आता हादगा घ्या. हस्त नक्षत्र लागलं, हत्तीचं चित्र मांडलं, फेर धरला, रोज एक गाणं वाढत गेलं. गाणी झाली की खिरापत, म्हणजे झाकल्या डब्यातला खाऊ, ओळखायची. मी नियम एवढाच केला की ओळखायचे प्रश्न इंग्रजीत. डबा माझ्या हातात, झाकण घट्ट. ‘इज इट स्वीट?’ ‘नो.’ ‘इज इट राउंड?’ ‘नो.’ ‘इज इट यलो?’ ‘येस!’ मग जो गलका होतो! एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक पोरगी पुढं आली, डबा कानाशी धरून हलवला आणि ओरडली, ‘इट इज भडंग!’ प्रश्नाऐवजी थेट निकालच. तिला व्याकरण शिकवलं नव्हतं, तिला फक्त डब्यात काय आहे ते कळायला हवं होतं. एकच वाक्यरचना वर्गानं पंधरा-वीस वेळा वापरली आणि कुणी कंटाळलं नाही. हे पुस्तकातल्या सरावानं करून दाखवा.

दोन_पोरांचा_बाप
बाई, तुमची तळमळ मान्य. पण आमच्या बाजूनं बी बघा की. मी शिरोली एमआयडीसीत कामाला. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत गेली तरी एसटीच्या पाटीवरचं साधं इंग्रजी ‘बस’ तिला वाचता येईना. तिच्याच वयाचा चुलतभाऊ इंग्रजी शाळेत धडाधडा वाचतोय. घरी आजी विचारते, आज इंग्रजीत काय झालं? ही टाळ्या वाजवून गाणं म्हणून दाखवते. गाणं काय, मोबाइलवर आम्ही बी लावतो की. शाळेनं वाचायला शिकवावं. पाडव्याला पट वाढवायला दारात येता, तेव्हा नेमकं हेच विचारतो आम्ही.

पहिली_बॅच
2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्या वर्षी मी पहिलीत होतो. म्हणजे हा प्रयोग ज्यांच्यावर झाला त्यातला एक. आम्हाला हातवारे करून गाणी शिकवली. गाणी अजून पाठ आहेत, त्यातले शब्द सुटे सुटे ऐकू यायला पाचवी उजाडली. ‘मेआयकमिन’ हा आमच्यासाठी एकच मंत्र होता, वर्गात येताना तोच आणि लघवीला जाताना पण तोच. त्यामुळं गाण्यानं इंग्रजी येतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. बाईंच्या डब्याची गोष्ट वेगळी वाटते, कारण तिथं ‘येस’ की ‘नो’ हे आधी ठरलेलं नाही. पण परिषदेत टाळ्या घेतात ती गाणीच घेतात, हे बाईंनाही ठाऊक असेल.

निवृत्त_गुरुजी
मला दुसराच त्रास होतोय. हादगा आजीकडून नातीकडं आला, कुणी शिकवला नाही. सासर-माहेर, नणंद-भावजय, भाजीपाला, दागिने, सगळं घर त्या गाण्यांत आहे. गल्लीतला हादगा केव्हाच मोडला. शाळेत उरला होता, तर तिथंही तो इंग्रजीच्या तासाला जुंपला! उद्या बेंदराला मातीचे बैल करतानाही ‘दिस इज अ बुल’ म्हणायला लावाल. 2020 चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथं, शिक्षण मातृभाषेतून व्हावं म्हणतं. ते तुम्ही वाचलं असेलच.

करवीरची_बाई
गुरुजी, धोरणातला तो भाग माध्यमाबद्दल आहे. आमच्या शाळेचं माध्यम मराठीच आहे, इंग्रजी हा विषय आहे आणि तो मला शिकवावाच लागतो. हादग्याचं एकही गाणं मी इंग्रजीत केलेलं नाही, करणारही नाही. त्या भाषांतरित गाण्यांचे व्हिडिओ बघून मलाही कसंतरी होतं. फेर मराठीत, डबा इंग्रजीत. आणि खरं सांगू का, आमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरींनी हादगा पहिल्यांदा पाहिला तो शाळेतच.

मंगळवार_पेठ
शाहू महाराजांनी 1917 साली करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड होता. त्या गावात आज आपण डब्यात काय आहे यावर भांडतोय.

पहिली_बॅच
चला, आले महाराज. कोल्हापूरच्या कुठल्याही वादात पाचव्या-सहाव्या उत्तराला येतातच. भावा, मुद्द्यावर बोल. सक्ती झाली, फी माफ झाली, आत गेल्यावर काय शिकवायचं यावरच भांडण चाललंय.

शिरोळकर
सण म्हटलं की फक्त हादगा, दिवाळी, गणपती एवढंच डोळ्यापुढं येतं, तिथं माझी हरकत आहे. आमच्या तालुक्यात कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, मोहरमच्या पंजांना हिंदू घरं मलिदा घेऊन जातात. मग ईदच्या शिरखुर्म्याचा डबा का नको? ‘इज इट स्वीट, इज इट व्हाइट’ तिथं पण चालतंय. आणि पोरगं ज्याच्या घरचा सण त्याच्याच हातात डबा द्यावा. बाईंनी डबा स्वतःकडं ठेवला, म्हणजे प्रश्न पोरांचे आणि उत्तरं बाईंची. उलटं केलं तर उत्तर देणाऱ्याला पण डोकं लावावं लागंल.

डीएडवाला
थोडं पुस्तकी बोलतो. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात एक पद्धत मांडली. शिक्षकानं आज्ञा द्यायची आणि मुलानं ती अंगानं करून दाखवायची: उठ, पळ, दाराला हात लाव. बोलायची घाई नाही, आधी समजू दे. आपले खेळ त्यात चपखल बसतात. ‘डोंगर का पाणी’ इंग्रजीतून घेतला तर पोरगं ‘माउंटन’ ऐकलं की पायरीवर चढतं, ‘वॉटर’ म्हटलं की खाली उतरतं. चुकलं तर राज्य येतं, लाल शाई नाही. पण या पद्धतीची मर्यादाही जुनीच आहे. जे करून दाखवता येत नाही ते असं शिकवता येत नाही. ‘काल’, ‘कदाचित’, ‘म्हणून’ हे शब्द कसे पळून दाखवणार? आणि वाचन तर यात येतच नाही. तेव्हा शिरोलीच्या भाऊंचा प्रश्न उडवून लावू नका.

गगनबावडा_घाट
शहरातल्या लोकांना एक सांगतो. आमची दोनशिक्षकी शाळा. साठपर्यंत पट असला की नियमानं शिक्षक दोनच, वर्ग चार. एकजण मतदारयाद्यांच्या कामाला गेला की उरला एक. पावसाळ्यात छपरावर पाऊस इतका वाजतो की फळ्याजवळचं बोलणं मागं जात नाही. अशा वेळी पहिली ते चौथी एकत्र बसवून चालवता येतो तो खेळच. चौथीचा पोरगा प्रश्न विचारतो, पहिलीचा ‘येस-नो’ म्हणतो, दोघांचंही काही ना काही होतं. पाठ्यपुस्तकाचं पान चौघांना एकदम कसं उघडायला लावू? आमच्याकडं ही आवड नाही, अडचणीतनं काढलेली वाट आहे.

दोन_पोरांचा_बाप
सर, तुमची अडचण पटली. पण अडचणीतनं काढलेली वाट आणि चांगली पद्धत, यात फरक आहे का नाही? आणि वाचनाचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही.

करवीरची_बाई
देते. डबा उघडून खाणं झालं की मी त्याच दिवशी विचारलेले शब्द फळ्यावर लिहिते. स्वीट, यलो, राउंड. पोरांनी ते बोललेले असतात, आता डोळ्यांनी बघतात. दुसऱ्या दिवशी डब्यावर चिठ्ठी लावते, ‘इट इज नॉट स्वीट’. चिठ्ठी वाचली तर एक प्रश्न वाचतो, म्हणून वाचायला झुंबड उडते. दुसरीला एवढं जमतं. पहिलीला मी वाचनाचा आग्रह धरत नाही, त्यांची मराठी बाराखडीच अजून हातात बसायची असते. तुमची मुलगी तिसरीत आहे, तिला ‘बस’ वाचता यायलाच हवं, त्यात वाद नाही. अक्षराचा आवाज शिकवायला वेगळा वेळ काढावा लागतो. तो खेळातून आपोआप येत नाही, आणि काही शाळांत तो काढला जात नाही.

निवृत्त_गुरुजी
चिठ्ठी ठीक आहे. पण त्याच डब्यावर एक दिवस मराठी चिठ्ठीही लावा. बाराखडी बसायची आहे म्हणता ना? खिरापत ओळखायची झुंबड मराठीसाठीही उडू दे.

करवीरची_बाई
लावते की. पहिलीच्या बाईंना आजच सांगते.

दोन_पोरांचा_बाप
बाई, तुम्ही हे करताय ते चांगलंच. पण तुमच्या शाळेत पोरं घालायला सगळ्यांना जमतंय होय? जरगनगरच्या महापालिका शाळेत पाडव्याला रांग लागते, ती बी मराठी शाळाच. म्हणजे लोकांना मराठी शाळा नको असं नाही, पोरगं काय शिकतंय ते दिसायला पाहिजे. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर बेंदराचे बैल आले, पंचमीची फुगडी आली, दहीहंडीला फेटे बांधलेली पोरं आली. एखादं पोरगं इंग्रजीची एक ओळ बोट ठेवून वाचतंय, असा एक व्हिडिओ आजवर आला नाही. तो टाकायला सांगा कुणीतरी.