जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? स्थानिक जामीनदाराची अट हवी की नको?

लालबागकर: कोर्टाने जामीन दिला की माणूस सुटला, असं घरच्यांना वाटतं. खरी धावपळ तिथून सुरू होते. जामीनदार, म्हणजे आरोपी तारखेला येईल याची हमी घेणारा माणूस, उभा करा, त्याचं रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा ऐपतीचा दाखला द्या, पडताळणी करून घ्या, बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सह्या करा. मग सुटकेचा आदेश आर्थर रोड तुरुंगात जातो. गाव बिहारमध्ये आणि खोली भाड्याची असलेला नाका कामगार जामीनदारापाशीच अडकतो. १९७८ च्या मोतीराम खटल्यातला आरोपी गवंडी होता. १० हजारांच्या जामिनाला भाऊ उभा राहिला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. जामीनदार स्थानिकच हवा ही अट काढाच.

काळा कोट: सहमत नाही. आरोपी तारखेला आला नाही की अजामीनपात्र वॉरंट निघतं. पोलीस पत्त्यावर जातात, तर त्या खोलीत दुसरंच कुटुंब. आरोपी नाही म्हणून साक्षीदार तीनदा हेलपाटे घालतो, चौथ्यांदा येत नाही. जामीनदार इथला असेल तर रक्कम त्याच्याकडून वसूल होते, म्हणून तोच आरोपीला शोधून आणतो.

लालबागकर: तो शोधून आणणारा बहुतेकदा काका-मामा असतो, आणि त्याचं घर गावाला. त्याला नाकारलंत की राहतो कोर्टाबाहेरचा भाडोत्री जामीनदार, पैसे घेऊन सही करणारा, कधी बनावट रेशनकार्डावर. तो कुणाला शोधणार?

काळा कोट: त्यावर उपाय पडताळणीचा. आधी किती जणांना जामीन राहिलो हे त्याला लिहून द्यावंच लागतं. ते नीट तपासा.

विधी सेवा: दोघांचंही एक राहून जातंय. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो असा, असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन मानून नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं. बाकी गुन्ह्यांत जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करता येतो. शिवाय ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत: जामीन होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिन्याभरात बंधपत्र झालं नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं.

काळा कोट: महिन्यानंतर शिथिल करा, हरकत नाही. पण घरफोडीचे चार गुन्हे असलेल्याला पहिल्याच दिवशी नको.

लालबागकर: आणि पहिलाच गुन्हा असलेल्या नाका कामगाराने महिनाभर आत का बसायचं?