शर्यतीचा कायदा पदरात पडला. बैलगाडा संघटनांनी आता सरकारकडे काय मागावं?

माणदेशकर

१८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि बैलगाडा शर्यतीचा प्रश्न एकदाचा मिटला. हे फुकट पदरात पडलेलं नाही. ७ मे २०१४ च्या निकालानं शर्यती बंद झाल्या, तेव्हापासून अखिल भारतीय बैलगाडा शर्यत संघटना आणि गावोगावचे गाडामालक मंत्रालय, अधिवेशन, दिल्ली अशा खेटा घालत होते. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळानं शर्यतीला परवानगी देणारी कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती आली, तर ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं पुन्हा अडवलं. मग १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाची सशर्त परवानगी. ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्याच माणसांनी हा कायदा सरकारकडून करून घेतला, याचा मला अभिमान आहे.

पण निकाल लागला आणि जोर ओसरला, असं दिसतंय. एवढी ताकद होती तर ती आता खिलार, म्हणजे शर्यतीत पळणारी आपली देशी जात, टिकवायला लागली पाहिजे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये राज्यातलं गोधन सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आलं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, बैल बांधून ठेवणं परवडत नाही. माझं म्हणणं, संघटनांनी पुढच्या अधिवेशनात तीन गोष्टी मागाव्यात: पळणाऱ्या प्रत्येक खोंडाची जात आणि वंशावळ नोंदवणं सक्तीचं करा, खिलार गाय सांभाळणाऱ्याला थेट अनुदान द्या, आणि खरसुंडी, पुसेगाव, माळेगाव इथल्या यात्रांमधल्या जनावरांच्या बाजार-प्रदर्शनांना कायमचा निधी द्या. प्रदर्शनात पहिल्या आलेल्या गाईच्या मालकाच्या हातात फेटा आणि ढाल देऊन घरी पाठवायचं, हे आता पुरे.

मृण्मयी

अनुदान मागण्याआधी २०१७ मध्ये दिलेला शब्द पाळा. बैलाला इजा होणार नाही, या एकाच आश्वासनावर हा कायदा उभा आहे. छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद असं त्यात लिहिलंय. काठी, चाबूक, विजेचा झटका, सगळ्याला बंदी आहे. आणि तरी फोनवर व्हिडिओ फिरतात: शेपटी पिरगाळणारे हात, दातांनी शेपटी चावणारी माणसं, मुठीत लपवलेली टोचणी. असल्या गाडामालकाला संघटनेनं स्वतःहून पोलिसांत दिलं, असं एक तरी उदाहरण सांगा.

आणि ‘शर्यतीमुळे वंश टिकतो’ हे ऐकून ऐकून कंटाळा आला. वंश टिकतो गाईमुळे. खिलार गाय दूध कमी देते म्हणून शेतकरी ती विकून जर्सी-होल्स्टिन बांधतो. शर्यतीतल्या खोंडाला लाखांचा भाव आला तर त्याच्या आईच्या गव्हाणीत काय पडतं? तुमच्या तीन मागण्यांपैकी दुसरी तेवढी मला पटते. ती शर्यतीशिवायही करता येते.

घाटकरी

ताई, व्हिडिओ बघून मत बनवू नका, एकदा आमच्या खेड-जुन्नरकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, येऊन उभ्या राहा. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-बारा सेकंदांत संपते. गाड्यावर माणूस बसलेला नसतो. त्या बारीसाठी वर्षभर बैलाला कसं जपतात ते बघा. पहाटे उठून सराव, उडदाचं पीठ, शेंगपेंड, थंडीत अंगावर झूल, माशी बसू नये म्हणून गोठ्यात पंखा. आमच्या घरात आई बैलाला वैरण टाकल्याशिवाय ताटावर बसत नाही. असा बैल कोण मारेल?

आणि वंशाचं विचारता, तर मार्च २०१५ पासून राज्यात बैल, वळू कापायला बंदी आहे. म्हातारा बैल विकत कुणी घेत नाही. औताला लागत नाही, विकता येत नाही, मग गोऱ्हा जन्मला की शेतकऱ्यानं काय करायचं? कितीतरी गोऱ्हे रस्त्यावर सोडून दिले जातात. आमच्याकडे निदान त्याला किंमत आहे, म्हणून दावं आहे. बंदी मागणाऱ्यांनी एकदा तरी चाऱ्याच्या छावणीची मागणी घेऊन मंत्रालयात जावं.

कलम_२५४

थोडं कायद्याचं, कारण इथेच गल्लत होते. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणं हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणून केंद्राचा १९६० चा कायदा असूनही राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीनं वेगळी तरतूद करता आली. २०२३ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की शर्यत ही परंपरा आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम. त्याच निकालात नियम काटेकोर पाळले जावेत आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांवर राहील, असंही आहे.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट घ्यावा. शर्यतीच्या विरोधकांनी आतापर्यंत सगळी शक्ती कोर्टात लावली, आमदारांकडे फारसं कुणी गेलं नाही. आता मैदान विधिमंडळाचं आहे. आणि संघटनांनी हे ध्यानात ठेवावं, की कोर्टाचा भरवसा कागदावरच्या नियमांवर आहे. ते नुसते कागदावरच राहतात असं पुराव्यानिशी पुढे आलं, तर पुढची याचिका वेगळी असेल.

पशुवैद्य

मी सरकारी दवाखान्यात आहे, शर्यतीच्या तपासणीला जावं लागतं. घाटकरी, घरचं प्रेम खोटं नाही, ते मी रोज बघतो. पण शर्यतीच्या दिवशी सकाळी काय होतं ते सांगतो.

जोड्या टेम्पोतून उतरत असतात, लाउडस्पीकर चालू, आणि प्रमाणपत्रासाठी रांग. एका जनावराला नीट बघायचं तर ताप घ्यावा लागतो, चालवून खुरांवर लंगडतो का पाहावं लागतं, वेसणीच्या भोकात जखम आहे का, खांद्याला गळू आहे का. शेपटीचं तर डोळ्यांनी कळतच नाही. मुळापासून गोंड्यापर्यंत एकेक मणका बोटांनी चाचपत जावं लागतं. जुना मोडलेला सांधा बोटाखाली गाठीसारखा लागतो, आणि तिथे दाबलं की शांत बैलसुद्धा मागचा पाय झाडतो. एवढं करायला वेळ लागतो. मागे रांगेत शंभर जोड्या असतील तर तो वेळ कुठून आणायचा? आणि एखादा बैल बाद केला की लगेच कुणाचा तरी फोन येतो.

म्हणून मला संघटनेकडून अनुदानाची मागणी नको आहे. जोड्यांच्या संख्येवर मर्यादा घाला, ठरावीक जोड्यांमागे एक डॉक्टर द्या, आणि बाद केलेल्या बैलाचा टॅग नंबर राज्यभर दिसू द्या, नाहीतर इथे बाद झालेला बैल पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात पळतो. तो फोन तेवढा संघटना थांबवू शकते, मी नाही.

मृण्मयी

फोन कोण करतं, खरा प्रश्न तो आहे. शिरूरच्या पट्ट्यात आढळराव, कोल्हे, लांडगे या पुढाऱ्यांचे पक्ष वेगळे, पण या विषयावर सगळ्यांचा सूर एक. ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी असताना आमदार गोपीचंद पडळकरांनी आटपाडी तालुक्यात शर्यत घेऊन दाखवली. आता बक्षिसाला ट्रॅक्टर, बुलेट, थार लागतात, आणि मंडपावर कुणाचे फ्लेक्स असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी कायदा करून दिला तेच आयोजक. त्यांच्याच शर्यतीत बैल बाद करा, असं संघटना म्हणू शकेल?

घाटकरी

पुढारी मागे नसते तर कायदा झाला असता का? कापूस, ऊस, दूध, कुठल्या प्रश्नात शेतकऱ्याला पुढाऱ्याकडे जावं लागत नाही? बक्षीस मोठं झालं हे खरं, आणि त्यानं हौशी माणूस मागे पडतोय, हेही दिसतंय. डॉक्टरांच्या मागण्या रास्त आहेत, त्या आमच्या बैठकीत मी मांडतो.

पण माणदेशकर, तुमच्या पहिल्या मागणीला माझा पक्का विरोध. जातनोंद सक्तीची म्हणजे काय? आमच्या बाजूला कितीतरी म्हैसुरी बैल पळतात, गावठी पण पळतात. खिलारचा दाखला नाही म्हणून त्यांना बाहेर काढणार? वंशावळीचे कागद ज्याच्याकडे पैसे आहेत तोच करून घेणार. कोरडवाहू दोन एकरवाला चांगला खोंड तयार करतो तो नजरेवर, कागदावर नाही.

माणदेशकर

म्हैसुरीला बाहेर काढा असं मी म्हटलेलं नाही. जो पळतो तो कुठल्या गाईचा, कुठल्या वळूचा, एवढं लिहून ठेवा. आज एखादा नंदी राज्यभर गाजतो आणि त्याच्या आईचा मालक कोण हे कुणालाच माहीत नसतं. मृण्मयीताईंनी विचारलं ना, आईच्या गव्हाणीत काय पडतं? नोंद असेल तर बक्षिसातला एक हिस्सा त्या गाईच्या मालकाला देता येईल. थार देणाऱ्याला त्यातून एका गाईची वर्षाची वैरण काढणं जड जाणार नाही. खर्चाचं म्हणाल तर कानातला बिल्ला सरकारी दवाखान्यातून मारून मिळतो, त्याच नंबरावर आई-बापाची नोंद करा, वेगळे कागद नकोत.

घाटकरी

बक्षिसातला हिस्सा गाईच्या मालकाला, हे चालेल. पण मग ते आयोजकाच्या मर्जीवर नको, परवानगीच्या अटींत घाला. आणि नोंद नाही म्हणून पहिली दोन वर्षं कुणाची बारी अडवायची नाही, हे आधी लिहून द्या.

मृण्मयी

परवानगीच्या अटींत घालणार असाल तर डॉक्टरांची जोड्यांची मर्यादाही त्याच मसुद्यात घाला. शर्यतीला माझा विरोध आहे आणि राहील. पण असा मसुदा आमच्या भागातल्या आमदारांकडे न्यायचा असेल तर मी बरोबर येते.