मदत हवी आहे: भाच्याला ऑटिझम, कोथरूडजवळ थेरपी केंद्र सुचवा

नमस्कार मंडळी. बहिणीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालंय. हाकेला वळून बघत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, पण पीएमपीच्या बसचे नंबर बिनचूक ओळखतो. किती गोड आहे तो! रिपोर्टवर 'लेव्हल २' लिहिलंय. २०१३ पासून ॲस्पर्गर वगैरे ऑटिझमचे प्रकार वेगळे न मानता सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये (म्हणजे एकाच व्यापक निदानात) धरतात आणि लेव्हल म्हणजे आधाराची गरज, एवढं वाचून समजलं. ही लेव्हल वयानुसार बदलते का?

कोथरूड-कर्वेनगर भागात स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून सराव) देणारं, आईवडिलांनाही मराठीतून शिकवणारं केंद्र आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम येतो, मग यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढावं का? बहीण फार खचलीय, म्हणून मी विचारतेय. अनुभवी पालकांनी कृपया लिहा.