स्टेंटनंतर मासे: नांदेडच्या बाजारातला रोहू-कटला पुरेल का, की बांगडाच हवा?

गोदाकाठ, नांदेड

नमस्कार मंडळी. वडिलांचं वय ६१, स्टेंट बसवलेला आहे, बीपीही आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू आहे. मटण आवरा, त्याऐवजी मासे खा, असं सांगितलंय. पण मासे म्हणजे नेमके कोणते? आपल्याकडे रोहू, कटला, मरळ कधीही मिळतो. बांगडा बर्फाच्या पेटीतून येतो. घरात सुकट आणि खारा बांगडाही आवडीने खातात. फायदा कोणत्या माशात, आठवड्याला किती, आणि तळलेला चालतो का? नाहीतर सरळ माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या तर भागेल का? आई माळकरी आहे, तिच्यासाठी काय करावं तेही सांगा.

आहारतज्ज्ञ, लातूर

दादा, हृदयाच्या संदर्भात माशाचं नाव निघतं ते ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ चरबींमुळे. समुद्रात त्या मुळात सूक्ष्म शेवाळात तयार होतात आणि खाण्यातून माशात येतात. बांगडा आणि तारली यांच्या १०० ग्रॅम मांसात त्या साधारण एक ग्रॅमच्या आसपास सापडतात, हंगामाप्रमाणे कमी-जास्त. रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी यांचं मांस कमी चरबीचं, त्यामुळे त्यात ओमेगा-३ ही खूपच कमी.

म्हणून रोहू सोडून द्यायचा असं मुळीच नाही. चरबीवाल्या मटणाच्या जागी रोहूचा रस्सा ताटात आला तर संतृप्त चरबी बरीच घटते आणि प्रथिनं तेवढीच मिळतात. हृदयाला हा फायदा खराच आहे, फक्त तो ओमेगा-३ चा नाही. माझ्या मते आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारली आणि एकदा गोड्या पाण्यातला मासा, ही आपल्या भागात निभणारी आणि खिशाला परवडणारी वाटणी आहे. जमलं तर दोन्ही वेळा बांगडा घ्या.

एका वेळचं प्रमाण शिजलेलं ८५ ते १०० ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशनही आठवड्यातून दोनदा, एवढंच आणि न तळलेलं, असं सांगते. डोकं-आतडी काढलेला एक मध्यम बांगडा म्हणजे साधारण एका माणसाचा वाटा.

सगळं बिघडतं ते तळण्यात. कढईत तुकडा टाकला की त्यातलं पाणी उडतं आणि त्या जागी तेल शिरतं. रव्याचा थर असेल तर तो आणखी तेल धरतो. ढाब्यावर तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं जातं आणि तापवता तापवता खराब होतं. तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, पण ते मोजतं कोण? स्टेंटवाल्या माणसाने ढाब्यावरची फ्राय टाळलेलीच बरी. घरी तव्यावर माणशी एक चमचा तेलात भाजलेला मासा चालतो.

खारा बांगडा मात्र बंद करा. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, याच्या आत ठेवायचं आहे, आणि खाऱ्या माशाचा लहानसा तुकडासुद्धा त्यातला मोठा वाटा खातो. सुकट आणि बोंबील बऱ्याचदा वरून मीठ न लावता उन्हात वाळवतात, तरी सुकल्यावर समुद्राचं मीठ आटून राहतंच. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला, आणि त्या कालवणात वेगळं मीठ घालू नका. तेही महिन्यातून एखाद-दोनदाच.

फिजिशियन, छत्रपती संभाजीनगर

वरचं सगळं बरोबर. पुराव्याची बाजू थोडी स्पष्ट करतो, म्हणजे अपेक्षा नीट राहतील.

१९८९ साली वेल्समध्ये हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत, चरबीयुक्त मासे खायला सांगितलेल्या गटात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २००३ मध्ये अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, रुग्णांवर त्याच धर्तीची चाचणी झाली, तेव्हा असा फायदा दिसला नाही, उलट कॅप्सूल घेणाऱ्यांचं चित्र वाईट दिसलं. २०२१ मध्ये ५८ देशांतल्या सुमारे १ लाख ९१ हजार लोकांची माहिती एकत्र पाहिली गेली. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता, त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅमच्या वर मासे खाणाऱ्यांचा धोका कमी दिसला, आणि हा संबंध चरबीयुक्त माशांशी जास्त होता. निरोगी लोकांत तसा फरक दिसला नाही. ही निरीक्षणं आहेत, त्यामुळे मासे खाल्ल्यानेच धोका घटला असं ठामपणे म्हणता येत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मासे खाण्याकडे कल ठेवायला कारण आहे.

मासे खाऊन एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरेल ही अपेक्षा धरू नका. ओमेगा-३ ने उतरतं ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, आणि तेही मोठ्या मात्रेत. एलडीएल उतरवायचं काम स्टॅटिनचं, म्हणजे वडिलांच्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं आहे. "आता मासे चालू केले, गोळी कमी करू" असा विचार घरात कुणाच्या मनात आला तर तो तिथेच थांबवा. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

कॅप्सूलबद्दल. दुकानातल्या १,००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात, बाकी इतर तेल. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. २५ हजारांहून जास्त निरोगी लोकांवरच्या व्हायटल चाचणीत रोज एक ग्रॅमची ओमेगा-३ कॅप्सूल घेऊनही हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित आकड्यात ठोस घट झाली नाही. जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. शुद्ध ईपीए दिवसाला ४ ग्रॅम, हे ट्रायग्लिसराइड चढलेल्या निवडक रुग्णांना डॉक्टर लिहून देतात. ते औषध आहे, दुकानातून उचलायची गोष्ट नव्हे. वडिलांनी कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नये. ताटातल्या माशाने मात्र अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला अडचण होत नाही.

युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, पायाचा अंगठा सुजत असेल, तर बांगडा-तारली बेतानेच. अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

मासळीवाले, पैठण

भाऊ, बांगडा घ्या, पण बघून घ्या. आपल्याकडे समुद्र नाही, माल शेकडो किलोमीटर बर्फात येतो. वाटेत बर्फ वितळला तर बांगडा, तारली, सुरमई, कुपा या जातींत हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, तोंडात चुरचुर. लोक म्हणतात मासा बाधला, ॲलर्जी आहे. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसतेच, मासा गरम पडलेला असतो.

घेताना कल्ला उचलून पाहा, आत लालभडक हवा; तपकिरी आणि चिकट झाला असेल तर ठेवून द्या. डोळा फुगीर आणि पाणीदार. पोटावर अंगठा दाबला तर खळगा लगेच भरून यावा. पोट फाटलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी नको. पेटीत बर्फ माशाच्या खालीही आहे आणि वरही आहे, हे बघा. नुसता वर शिंपडलेला बर्फ काही कामाचा नाही.

जायकवाडीचा, येलदरीचा किंवा तळ्यातला रोहू घेताना दीड-दोन किलोचा मासा कापून घ्या, काट्याला सोपा जातो. पोटातली काळी पातळ त्वचा आणि चरबीचे गोळे काढायला सांगा. चिखलाचा वास येत असेल तर हळद, थोडं मीठ आणि चिंचेचा कोळ लावून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. आंबटाने तो वास दबतो.

गोदाकाठ, नांदेड

डॉक्टरसाहेब, सगळ्यांचेच आभार. दोन गोष्टी राहिल्या. बाजार आठवड्यातून एकदा, तर मासा किती दिवस टिकतो? आणि न तळता बांगडा चवीला कसा लागणार? वडील उकडलेलं खाणार नाहीत.

चूल-तवा, परभणी

साफ केलेला मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक, फार तर दोन दिवस. वर फ्रीजरमध्ये बांगडा दोन महिन्यांच्या आत संपवा, त्याची चरबी खवट होते. रोहू जास्त टिकतो. लाइट बराच वेळ गेली आणि मासा सुटला, तर परत गोठवू नका, त्याच वेळी शिजवा.

उकडायची गरज नाही, येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) आहे ना! चौघांसाठी चार बांगडे, सालीसकट. चरबीचा बराच भाग सालीखालीच असतो. पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात ठेचलेला लसूण आणि एक कांदा परता. लाल तिखट, हळद, मग तीन वाट्या पाणी. येसर दोन मोठे चमचे आधी गार पाण्यात कालवून ओता. कोरडं उकळत्यात टाकलं तर गोळे होतात. येसरातल्या भाजलेल्या धान्याने रस्सा दाट होतो, म्हणून खोबरं घालायची गरज उरत नाही. चिंचेचा कोळ दोन चमचे, मीठ पाऊण चमचा, त्याहून जास्त नको. उकळी आली की मासे सोडा, आच मंद करा, आठ-दहा मिनिटं. चमच्याने ढवळू नका, पातेलं धरून हलवा, नाहीतर मासा मोडतो. सोबत ज्वारीची भाकरी.

भाजायचा असेल तर लोखंडी तवा चांगला तापू द्या, एका बांगड्याला एक चमचा तेल, एका बाजूला चार मिनिटं. चिकटला तर ओढू नका. साल भाजली की आपोआप सुटते.

आहारतज्ज्ञ, लातूर

आईंसाठी जवस. रोज एक मोठा चमचा जवसाची पूड, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. त्यातून दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं, बाईमाणसाची दिवसाची गरज भागते. शरीर त्याचं ईपीए-डीएचए फार थोडं बनवतं, त्यामुळे बांगड्याची बरोबरी होत नाही, पण शाकाहारात घरचा हाच उत्तम पर्याय.

जवस आख्खे गिळले तर तसेच पडतात, म्हणून पूडच हवी. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. आठ दिवस पुरेल एवढीच चटणी करून झाकणाच्या बरणीत ठेवा, खवट वास आला तर टाकून द्या. मीठ चिमूटभर. कारळाची चटणीही चविष्ट लागते, पण तिच्यात हे ओमेगा-३ जवळजवळ नाही, तेव्हा दोन्ही बरण्यांची अदलाबदल करू नका.