शब्दचर्चा : चर्च आणि स्टेट यांची ‘फारकत’ म्हणावी काय?

परदेशस्थ
नमस्कार. टेक्सासमधील आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा तक्ता लावावा, असा कायदा येथे २०२५ मध्ये झाला. लुइझियानात तो आदल्याच वर्षी झाला होता. अशा कायद्यांचे समर्थक नेहमी सांगतात, की ‘सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट’ हे शब्द अमेरिकेच्या राज्यघटनेत कोठेही नाहीत. हे विधान अक्षरशः खरे आहे, मात्र त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा आहे, आणि अनुवादात या दोन्ही बाजू दिसायला हव्यात. मी प्रथम ‘धर्मनिरपेक्षता अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही’ असे लिहिले. ते वाचून सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्याकडे १९७६ पूर्वी होते तसेच की.’ त्यांचे म्हणणे खोडता येईना आणि वाक्यही ठेवता येईना. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

काळी शाई
आपल्या सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपल्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला (हिंदी पाठात तेथे ‘पंथनिरपेक्ष’ आहे), त्यामुळे मराठी वाचक तो शब्द दिसताच उद्देशिकेकडे वळतो. अमेरिकेत उद्देशिकेचा प्रश्न नाही. तेथे १७९१ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या दुरुस्तीत दोन कलमे आहेत : धर्माच्या ‘एस्टॅब्लिशमेंट’संबंधी काँग्रेस (म्हणजे तेथील संसद) कायदा करणार नाही, आणि धर्माचरणाला मनाईही करणार नाही. शिवाय मूळ घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास बंदी आहे. म्हणजे तेथे तत्त्ववाचक शब्द नाही, पण शासनाला घातलेल्या मनाया आहेत. मी ‘धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांचे विलगीकरण’ असे सुचवतो.

मोडीवाचक
२०२० नंतर ‘विलगीकरण’ हा शब्द वापरण्याजोगा राहिलेला नाही. वाचकाच्या डोळ्यांसमोर पाद्रीबाबा चौदा दिवस एका खोलीत बसलेले दिसतील. यासाठी ‘फारकत’ हा अस्सल शब्द आपल्याकडे असताना संस्कृताचे कारखाने कशासाठी चालवायचे?

शुद्धमती
‘फारकत’ अस्सल कसा? तो अरबी-फारसीतून आलेला शब्द आहे. राज्यव्यवहारकोश ज्या भाषेत घडला, त्या भाषेने राज्यशास्त्राच्या परिभाषेसाठी तरी परक्या दारात उभे राहू नये. ‘पृथक्त्व’ हा शब्द नेमका आणि निर्दोष आहे.

मोडीवाचक
राज्यव्यवहारकोशाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की त्याने दिलेल्या प्रतिशब्दांपैकी किती रुळले आणि त्यानंतरही दप्तरात फारसी शब्द किती राहिले, हे मोडी कागद वाचणाऱ्याला विचारावे. ‘पृथक्त्व’ निर्दोष आहे खरा, कारण तो कोणी वापरलेलाच नाही. ‘फारकत’ म्हणजे मुळात ‘फारिग-खत’, अर्थात देण्याघेण्यातून मोकळे केल्याचा लेख. नवराबायकोच्या सोडचिठ्ठीकडे तो नंतर वळला असावा, असे माझे मत आहे. जेथे चर्चला करातून पैसा जात होता आणि पुढे तो बंद झाला, तेथे यापेक्षा चपखल शब्द मला दिसत नाही.

मिशनशाळा
मी नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. पहिली ‘चर्च’ या शब्दाविषयी. आमच्या मराठी बायबलात त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द आहे. इमारतीला घरात ‘देऊळ’ म्हणत असत, आणि गोव्याकडे ‘इगर्ज’ म्हणतात. ‘धर्मसंस्था’ म्हटले की पोपपासून पंढरपूरच्या बडव्यांपर्यंत सगळे त्यात येतात. अमेरिकेतील मूळ वाद धर्म आणि अधर्म यांच्यातला नव्हता, एका मंडळीने दुसऱ्या मंडळीच्या खिशात हात घालण्याचा होता. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीसाठी कर होता. बाप्तिस्त या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या माणसाला त्यातून सूट हवी असेल, तर आपण बाप्तिस्त असल्याचा दाखला द्यावा लागे. तेथील डॅनबरी गावच्या बाप्तिस्तांनी १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना लिहिले, की आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य आहे ते हक्क म्हणून नसून मेहेरबानी म्हणून मिळते आहे. १ जानेवारी १८०२ च्या जेफरसन यांच्या उत्तरात चर्च आणि शासन यांच्यामधली ती प्रसिद्ध ‘भिंत’ आली. म्हणजे भिंत मागणारे कट्टर भाविक होते, आणि नेमकी हीच गोष्ट आजचे प्रचारक सांगत नाहीत.

याला आपल्याकडचाही एक धागा आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी याच काँग्रिगेशनल परंपरेतले होते. ते येथे आले तेव्हा मॅसेच्युसेट्स आणि कनेक्टिकट या त्यांच्या प्रांतांत चर्चला कराचा आधार अजून होता. कनेक्टिकटमध्ये तो १८१८ साली आणि मॅसेच्युसेट्समध्ये १८३३ साली संपला. त्यांच्याच मिशनने १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले.

दुसरी गोष्ट : आपल्या लेखात ‘ख्रिस्ती राष्ट्रवाद’ असा शब्द येणार असेल, तर कृपया विचार करावा. मराठीत ‘ख्रिस्ती’ हे आमच्या समाजाचे नाव आहे. डॅनबरीचे बाप्तिस्तही ख्रिस्तीच होते.

शुद्धमती
मग ‘ख्रिश्चन राष्ट्रवाद’ लिहावे काय? तो तर इंग्रजीच झाला.

मिशनशाळा
इंग्रजी झाला तरी चालेल, कारण विचार तिकडचाच आहे. ‘अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच स्थापन झाले आणि कायद्याने ते तसे दिसले पाहिजे, असे मानणारा राष्ट्रवाद’ असे एकदा सविस्तर लिहून पुढे ‘हा राष्ट्रवाद’ म्हणता येते. शब्द वाचवण्यासाठी माणसे भरडू नयेत.

उलटतपासणी
येथे सर्वांचे फारच एकमत होत चालले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राज्यघटना ज्यांनी मंजूर केली, त्याच पिढीच्या काँग्रेसने १७८९ पासून पगारी चॅपलेन, म्हणजे सभागृहात प्रार्थना म्हणणारे धर्मोपदेशक, नेमले. पहिल्या दुरुस्तीचा मसुदा होत असताना जेफरसन फ्रान्समध्ये होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी १९८५ मधील आपल्या विरोधी निकालपत्रात ही भिंत चुकीच्या इतिहासावर उभी असल्याचे म्हटले होते. एका खासगी पत्रातील उपमेला घटनेचे कलम मानून अनुवादक शब्द शोधत असतील, तर तोही एक विपर्यासच होईल.

काळी शाई
मुद्दे खरे आहेत, पण पत्र ‘खासगी’ नव्हते. राष्ट्राध्यक्षांनी एका संघटनेला दिलेले ते उत्तर होते, आणि ते जाहीर होणार हे धरूनच लिहिलेले होते. उपमाही जेफरसन यांच्यापासून सुरू झालेली नाही. मॅसेच्युसेट्समधून हद्दपार होऊन १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणाऱ्या रॉजर विल्यम्स यांनी १६४४ मध्ये मंडळीची बाग आणि जगाचे रान यांच्यामधल्या कुंपणाविषयी किंवा भिंतीविषयी लिहिले होते. रान बागेत शिरू नये, ही त्यांची चिंता होती. आजचे प्रचारक याचा आधार घेऊन म्हणतात, की भिंत एकतर्फी आहे. शासनाने चर्चमध्ये जाऊ नये, चर्चने मात्र शासनात खुशाल यावे. विल्यम्स यांची भीती नेमकी उलट होती : सत्तेच्या गादीवर बसलेली मंडळी बाग राहतच नाही. आपल्याकडे यासाठी ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण तयारच आहे.

उलटतपासणी
म्हण चांगली आहे. पुरावा म्हणून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयातील १९४७ च्या एव्हरसन खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅक यांनी भिंत उंच आणि अभेद्य ठेवली पाहिजे असे लिहिले आणि त्याच निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी, कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची भरपाई सरकारी पैशातून करणे वैध ठरवले. अशा भिंतीला आमच्या गावात दार म्हणतात.

इनामवर्गतीन
मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. आपण सर्व ‘सेपरेशन’वर भांडत आहात, पण खरी अडचण ‘एस्टॅब्लिशमेंट’ या शब्दाची आहे. एका अनुवादात मी ‘धर्मस्थापनेसंबंधी काँग्रेस कोणताही कायदा करणार नाही’ असे वाचले. गीता ऐकलेल्या मराठी माणसाला यातून काय कळेल? की तेथे नवा धर्म काढण्याविषयी काही तरी तरतूद आहे. ‘राजधर्म’ तर वापरताच येत नाही, कारण तो राजाच्या कर्तव्याला वाहिलेला आहे.

‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे वर्षासन. देवस्थानाला इनाम, पुजाऱ्याला वर्षासन, आणि सातबाऱ्यावर इनाम वर्ग तीनची नोंद. हे सर्व मी हाताने लिहिलेले आहे. मॅसेच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत गावांनी प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांचा खर्च उचलावा अशी तरतूद होती. त्याला वर्षासन नाही तर काय म्हणायचे? व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती उपदेशकांसाठी कर बसवण्याचे विधेयक आणले, तेव्हा पुढे राज्यघटनेचे शिल्पकार ठरलेल्या मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले. त्यांचा युक्तिवाद असा, की एका पंथासाठी तीन पेन्स घेण्याचा अधिकार ज्या सत्तेला दिला, ती उद्या त्या पंथाची सक्तीही करू शकते. ते विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. तेव्हा माझी सूचना अशी : ‘कोणत्याही धर्माला राजाश्रय देण्यासंबंधी काँग्रेस कायदा करणार नाही.’

काळी शाई
‘राजाश्रय’ उत्तम आहे, फक्त तेथे राजा नाही.

इनामवर्गतीन
राज्यसभेच्या सभापतींच्या आसनासमोर तरी कोणता राजा बसतो? तरी आपण ‘राज्यसभा’ म्हणतोच.

परदेशस्थ
सर्वांचे आभार. ‘राजाश्रय’ मी घेत आहे. पण ‘स्टेट’ या शब्दाने नवीन घोळ केला आहे. ‘राज्य’ लिहिले, तर येथील मराठी वाचक टेक्सास किंवा ओहायो समजतो. आणि गंमत अशी, की इतिहासात तो समज काही काळ बरोबरच ठरतो. पहिली दुरुस्ती आरंभी फक्त काँग्रेसला बांधणारी होती, म्हणूनच मॅसेच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत वर्षासन चालू राहू शकले. राजाश्रयबंदीचे कलम घटकराज्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वर आलेल्या १९४७ च्या निकालातच स्पष्ट केले. तेव्हा ‘राज्य’ नको, ‘शासन’ बरे. ‘फारकत’बद्दल मात्र शंका आहे. फारकत होण्यासाठी आधी लग्न झालेले असावे लागते ना?

मोडीवाचक
कनेक्टिकटमध्ये झालेले होते.

परदेशस्थ
पण संघराज्याच्या पातळीवर कधीच झाले नव्हते, आणि वाद नेमका त्यावरच आहे. ‘फारकत’ लिहिले, तर पूर्वी एक ख्रिस्ती राष्ट्र होते आणि मग न्यायाधीशांनी ते मोडले, ही त्यांचीच कथा मी मराठीत सांगितल्यासारखे होईल.

मिशनशाळा
ही हरकत मला मान्य आहे. उलट, जे जुने म्हणून दाखवले जाते त्यातले बरेचसे नवे आहे. ध्वजप्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते स्वतः बाप्तिस्त धर्मोपदेशक होते, तरी त्यांच्या मजकुरात देवाचा उल्लेख नव्हता. तो १९५४ मध्ये घातला गेला. ‘देवावर आमचा विश्वास’ हे वाक्य नाण्यावर १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात आले आणि राष्ट्रीय बोधवाक्य १९५६ मध्ये झाले. देवाची कृपा मागणारी घटना त्या काळात एका पक्षाने केली होती खरी, ती म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी, १८६१ मध्ये.

काळी शाई
लेखात ‘डिस्टॉर्टेड हिस्टरी’ असा प्रयोग असेल, तर त्यासाठी ‘विकृत इतिहास’ लिहू नये. ती शिवी वाटते. माझ्या मते येथे ‘बखर’ हा शब्द चालेल. वॉशिंग्टन यांच्या चेरीच्या झाडाची गोष्ट पसरवणारे पार्सन वीम्स हे खऱ्या अर्थाने बखरकार होते. व्हॅली फोर्ज येथे बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारे वॉशिंग्टनही त्यांच्याच लेखणीने लोकप्रिय केले. फ्रँकलिन यांची गोष्टही तशीच. घटनापरिषदेत २८ जून १७८७ रोजी त्यांनी रोज प्रार्थनेने कामकाज सुरू करावे असे सुचवले, हे खरे. परिषदेने ते स्वीकारले नाही, आणि तीन-चार जण सोडून कोणालाही प्रार्थनेची गरज वाटली नाही अशी टीप फ्रँकलिन यांनी स्वतःच लिहून ठेवली. गोष्टीतून सूचना तेवढी सांगितली जाते आणि टीप गाळली जाते.

मोडीवाचक
बखरीचा असा अपमान नको. बखरकाराला आपण काय करीत आहोत हे ठाऊक असे, आणि त्याच्या वाचकालाही. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली असे मांडणारे लेखक डेव्हिड बार्टन यांचे जेफरसनवरील पुस्तक प्रकाशकाने २०१२ मध्ये तपशिलांवर विश्वास उरला नाही म्हणून मागे घेतले; कोणत्याही बखरीवर असा प्रसंग आल्याचे माझ्या वाचनात नाही. तसे पाहता बार्टन यांच्या संस्थेचे नाव ‘वॉलबिल्डर्स’, म्हणजे भिंत बांधणारे, असे आहे. ती भिंत बायबलातील नहेम्याने बांधलेला यरुशलेमचा तट आहे. तेव्हा एका भिंतीला ‘भिंत’ आणि दुसरीला ‘तट’ म्हणावे, ही माझी आजची एकमेव अशी सूचना आहे जिला शुद्धमतीही विरोध करणार नाहीत.

शुद्धमती
तटाला विरोध नाही. पण एका गोष्टीकडे कोणी लक्ष दिलेले नाही. घटनेच्या अखेरीस तारीख ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ अशी दिलेली आहे, आणि घटना ख्रिस्ती असल्याचा तो पुरावा म्हणून सांगितला जातो. अनुवादक तेथे ‘इ.स. १७८७’ लिहितात आणि वादाचे मूळच नाहीसे करतात. हे प्रामाणिकपणाचे नाही.

इनामवर्गतीन
‘इसवी’ हा शब्द ईसापासूनच आलेला आहे, तेव्हा काहीही नाहीसे होत नाही. मी चाळीस वर्षे प्रत्येक फेरफारावर प्रभूचेच वर्ष लिहिले. त्याने आमची तहसील कचेरी ख्रिस्ती झाली नाही.

मोडीवाचक
शिवाय ते वाक्य तेथे संपत नाही. त्याला जोडूनच ‘आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाराव्या वर्षी’ असे आहे. एका कालगणनेशेजारी आपली नवी कालगणना लिहिण्याची ही रीत राज्याभिषेक शक पाहिलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

शुद्धमती
राज्याभिषेक शकाची तुलना येथे लागू होत नाही. तो शक दप्तरात प्रत्यक्ष चालला. अमेरिकेतील स्वातंत्र्यवर्ष काही औपचारिक कागदांपुरतेच राहिले. याविषयी स्वतंत्र चर्चा काढावी, असे मी सुचवते.

परदेशस्थ
अवश्य काढावी. माझे वाक्य तूर्त ‘चर्च आणि शासन यांच्यातील भिंतीचा शब्दशः उल्लेख घटनेत नाही’ असे गेले आहे, आणि संपादकांनी ‘चर्च’चे ‘धर्मसंस्था’ करून ठेवले आहे.